सही कुणाची राहिली होती?

शैलाताई, माझ्या आईच्या कार्डाची गोष्ट तुम्हाला मी पहिल्यांदा सांगितली ती तुमच्या स्वयंपाकघरात, वाटाणे सोलताना. आई सिन्नरला बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, शेजारी तंबाखू. माझ्या वह्यांना, दप्तराला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा तो वास. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. बिडी कामगारांसाठी कायदा होता, माझ्या जन्माच्या आधीपासून होता. त्याप्रमाणे आईला ओळखपत्र मिळायला हवं होतं. ते दाखवलं की दवाखाना, आणि आम्हा दोघी बहिणींना शिष्यवृत्ती. फॉर्मवर ठेकेदाराची सही लागायची. आई दर सोमवारी वळलेल्या बिड्या द्यायला जायची, तेव्हा फॉर्म पिशवीत घालून न्यायची आणि तसाच परत आणायची. "आज बी नाही," म्हणायची, "पुढल्या सोमवारी ये म्हनला." देणार नाही, असं तो ठेकेदार एकदाही म्हणाला नाही. कार्ड आलं तेव्हा मी इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागले होते. फोटो मात्र फॉर्म भरला तेव्हाचा. त्यात आईचे केस काळेभोर होते.

ही गोष्ट ऐकली की लोक "अरेरे" म्हणतात, नाहीतर "बघ, तरी तू शिकलीस" म्हणतात. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "सही कुणाची राहिली होती?"

"ठेकेदाराची."

"नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं.

"गेनाऊ," तुम्ही म्हणालात; 'अगदी बरोबर' म्हणताना तुमच्या तोंडी हा जर्मन शब्दच यायचा. "लोक म्हणतात, कायदा पाळला गेला नाही. कायदा काय आपोआप पाळायचा राहतो? एक माणूस असतो. त्याचं नाव लक्षात ठेवायचं." आणि परत वाटाणे सोलायला लागलात.

तर ताई, मीही नाव लक्षात ठेवलंय. तुमच्या कामात सही राहिली होती ती इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची, दिलीपकाकांची. हे मी मंडळाच्याच वार्तापत्रासाठी लिहितेय. काका वाचतील. वाचू देत.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, जर्मनीत कधी आलात, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मला ते सांगायचं नाहीये. मला तो रविवार आठवतो, तुमचे यजमान भाऊसाहेब जाऊन चार महिने झाले होते तेव्हाचा. मंडळाची वार्षिक सभा. गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा यावर मतदान होतं. तुम्ही हात वर केलात. काका हात मोजत मोजत तुमच्यापाशी आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "शैलाताई, तुमचा हात मोजता येत नाही हो. सभासदत्व भाऊसाहेबांच्या नावावर होतं. तांत्रिक अडचण."

मंडळाच्या घटनेत तसंच लिहिलेलं होतं. सभासदत्व कुटुंबाचं, मत कुटुंबप्रमुखाचं. तीसेक वर्षांपूर्वी चार मित्रांनी बसून लिहिलेलं कलम, आणि त्यांना कुटुंबप्रमुख म्हणजे कोण हे वेगळं लिहावंसं वाटलं नव्हतं. वीस वर्षं शनिवारची मराठी शाळा तुम्ही चालवलीत. तिथली पोरं तुम्हाला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि तुम्ही मराठीत परत विचारायचात, न थकता. मंडळाचं प्रत्येक सरकारी पत्र तुम्ही लिहिलंत. तुमचा हात मोजता येत नव्हता. माझाही येत नव्हता. एकट्या बाईला घटनेत जागाच नव्हती. मी सचिव होते. मिनिट्स लिहायचे, हात वर करायचा नाही.

तुम्ही हात खाली घेतलात आणि चहा टाकायला उठलात. त्याचा मला अजून राग आहे. काकांचा नाही, तुमचा. त्या दिवशी मंडळाने चहाशिवाय बसायला हवं होतं.

पण तुम्ही नोटारच्या, म्हणजे सह्या-दस्तऐवज प्रमाणित करणाऱ्या कायदेतज्ज्ञाच्या, ऑफिसात बावीस वर्षं काढलेली बाई. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीचा मसुदा घेऊन आलात. एकच ओळ: सभासदत्व व्यक्तीचं, आणि अठरा वर्षांवरील प्रत्येक सभासदाला एक मत. पुढच्या सभेत ठराव आला. हात वर करणारे जवळपास सगळे पुरुषच, कारण मत त्यांनाच. तरीही लागणाऱ्या तीन चतुर्थांशाहून कितीतरी जास्त हात वर गेले. काकांनी स्वतः जाहीर केलं, "ठराव मंजूर." टाळ्या झाल्या. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, तुम्हाला मिठी मारली. मी त्याच दिवशी मिनिट्स लिहिले. मला वाटलं, झालं.

तुम्ही म्हणालात, "काही झालं नाहीये अजून."

इथल्या कायद्याप्रमाणे मंडळाच्या घटनेतली दुरुस्ती कोर्टातल्या संस्थांच्या नोंदवहीत चढेपर्यंत लागू होत नाही. आणि ती चढवायला अध्यक्षाने नोटारसमोर बसून अर्जावर सही करायची असते. एवढंच. ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, शिक्का बसतो, कागद कोर्टात जातो. तुम्ही अर्ज टाइप केलात, मिनिट्स जोडलेत, दुरुस्त घटनेची प्रत जोडलीत, सगळं एका निळ्या फाईलमध्ये घातलंत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलीत. ती फाईल तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर असायची. गेलात की काकांकडे, काढायचात फाईल.

"हो हो, बघतो. दसरा होऊ दे."

"दिवाळीच्या गडबडीत नको हो."

"नोटारची वेळच मिळत नाहीये." हे त्यांनी नोटारच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईला सांगितलं!

आणि एकदा, काकू आत गेल्या होत्या तेव्हा, खरं बोलले. "घरात दोन मतं झाली की घरात दोन पार्ट्या होतात, शैलाताई. जरा शांतपणे घेऊ." तुम्ही मला हे गाडीत सांगितलंत तेव्हा हसत होतात. मी तेव्हाही हसले नव्हते. सभेत त्यांनी विरोधात हात वर केला नव्हता. विरोध करायची त्यांच्यात हिंमत नव्हती, आणि अंमल करायची इच्छा नव्हती. मग उरतं काय? उशीर. उशीर करायला हिंमत लागत नाही.

आपला मोठा वाद झाला तो हॅनोव्हरच्या रस्त्यावर. मेथी आणि पोहे आणायला निघालो होतो. रेडिओवर बातमी लागली की संसदेने मंजूर केलेल्या कुठल्याशा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही अजून व्हायची आहे. मी शहाणपणा करत म्हणाले, "बरोबरच आहे. सही म्हणजे काय रबरी शिक्का आहे? तपासायला नको?"

"तपासू दे की. नाही कोण म्हणतंय?"

"मग वेळ लागणारच. आणि ताई, इथल्या राज्यघटनेत मुदत लिहिलेली नाही. मी वाचलंय."

"मुदत लिहिली नाही, कारण लिहिणाऱ्यांना वाटलं, या खुर्चीवर मोठी माणसं बसतील. मुदत नाही म्हणजे मालकी नाही, अश्विनी. तपासायचंय तर सांगा, तपासतोय. चूक सापडली तर लिहून द्या, ही चूक सापडली, सही करणार नाही. मग आम्ही कोर्टात जातो, भांडतो. हा माणूस नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. भांडायचं कुणाशी?"

"कुठला माणूस? राष्ट्राध्यक्ष?"

इंडिकेटर दिलात आणि लेन बदललीत.

मला कळलं होतं, ताई. मी मुद्दाम राष्ट्राध्यक्षांचंच बोलत राहिले. तुम्ही पुढच्याच आठवड्यात मला म्हणालात की सचिव म्हणून अध्यक्षांना एक लेखी पत्र दे, सही का झाली नाही ते विचार. मी म्हणाले, "अध्यक्षांना थोडा अवधी द्यायला हवा. संस्थेचा प्रमुख आहे, त्याला स्वतःची खात्री करून घ्यायचा हक्क आहे." काय भाषा होती माझी! बिडीवालीच्या पोरीला चार पुस्तकं वाचून ही भाषा आली. कारण पत्र दिलं असतं तर काकांचं तोंड उतरलं असतं. मी या देशात उतरले तेव्हा स्टेशनवर काकूंचं गरम जॅकेट हातात घेऊन उभा असलेला माणूस तो. पहिली खोली त्यांनी शोधून दिली, घरमालकाशी तेच बोलले, कारण मला नीट जर्मन येत नव्हतं. वाईट माणूस असता तर सोपं होतं. मी घटनेच्या आड लपले होते, ताई. तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही एकदाही तोंडावर म्हणाला नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अजून सोडणार नाही. तपासायचा हक्क हवाच. सहीवाल्याने डोळे मिटून सही करावी असं मला आजही वाटत नाही. उद्या एखाद्या सभेने भलताच ठराव मंजूर केला तर? तुम्ही असतात तर तुमच्या त्या जर्मन 'तर मग'ने सुरुवात करून म्हणाला असतात, "आल्झो, मग नाही म्हणायला शिकवा त्याला." हा वाद आपला राहून गेला. मी अर्धा हरलेय. उरलेला अर्धा कुणाशी घालू?

आजार समजला तेव्हा तुम्ही पहिला फोन केलात तो मुलाला, म्युनिकला. दुसरा मला. "पुढची वार्षिक सभा मार्चच्या शेवटी ना?" तुम्ही विचारलंत. "तोपर्यंत नोंद झाली पाहिजे. मला एकदा हात वर करायचाय. कशावर का असेना. हॉलच्या पडद्यांच्या रंगावर मतदान ठेव." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, पडदे कशाला, अध्यक्षपदाचीच निवडणूक ठेवू. हॉस्पिटलात काका भेटायला आले तेव्हा मी तिथेच होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं ते. तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा, मग आपण दोघं मिळून जाऊ नोटारकडे."

तुम्ही म्हणालात, "हो."

का म्हणालात हो? फाईल उशाशी होती. पेन माझ्या पर्समध्ये होतं. म्हणायचं होतं, मी बरी व्हायची वाट का बघायची, सही तुमची आहे. मी तरी का नाही म्हणाले? आपण दोघी शिकलेल्या बायका, कायदा तोंडपाठ, आणि रडणाऱ्या काकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही गेलात. ठराव मंजूर होऊन एकवीस महिने झाले होते.

शोकसभेला हॉल भरला होता. तुमच्या फोटोला हार. तुमचा मुलगा रोहन पहिल्या रांगेत, जर्मन बायकोला हळू आवाजात भाषांतर करून सांगत होता. काका बोलायला उठले. चांगलं बोलले, ते नेहमीच चांगलं बोलतात. आणि शेवटी म्हणाले, "प्रत्येक सभासदाला मत, हे शैलाताईंचं स्वप्न होतं. ते स्वप्न आपण सगळे मिळून पूर्ण करू या."

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "काका, स्वप्न नव्हतं ते. मंजूर ठराव होता. मिनिट्स मी लिहिलेत. त्याच्यावर तुमची सही राहिलीय."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं अश्विनी, ही वेळ आहे का?"

"मग कधी? दसरा झाला, दिवाळी झाली, दोन-दोन वेळा झाली. आता बाईसुद्धा गेली. आता कशाची वाट बघायची?"

काका खाली बसले. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तिथल्याच खुर्चीवर ठेवला आणि वाटला नाही. त्या दिवशी मंडळ चहाशिवाय बसलं, ताई.

सभा संपल्यावर रोहनने मला निळी फाईल दिली. तो तुमच्याशी आयुष्यभर जर्मन बोलला, पण माझ्याशी मोडक्या मराठीत बोलला. "हे आईचा आहे. मला वाटतं, तुझ्यासाठी आहे." मी घरी येऊन ती उघडली. अर्ज, मिनिट्स, घटनेची प्रत, पेन्सिलची फुली, सगळं ठाऊक होतं मला. सगळ्यात खाली एक कागद होता तो मात्र मी कधी बघितला नव्हता. तुमच्या अक्षरात, जर्मनमध्ये, पूर्ण तयार पत्र: मंडळाच्या एक दशांश सभासदांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षाला खास सभा बोलवावी लागते, नाही बोलवली तर सभासद कोर्टाकडून तसा अधिकार मिळवू शकतात. कलमाचा क्रमांक दिलेला. विषय: अध्यक्षांवरील अविश्वास. खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या. फक्त तारीख घालायची बाकी. आणि वर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: "काकांना आधी एकदा विचारू."

ती चिठ्ठी वाचून मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नाही. ठेकेदारावरसुद्धा नाही. माझ्या आईच्या हातात काय होतं? काही नव्हतं. तिला कलम माहीत नव्हतं, वाचता येत नव्हतं. सोमवारी ये म्हटलं की सोमवारी जायची. तुमच्या हातात सगळं होतं! चाळीस कुटुंबांच्या मंडळात चार सह्या पुरत होत्या. चार! तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची अडलेली कामं याच कलमांनी सोडवायचात, आणि स्वतःच्या वेळी भीड पडली. जर्मन माणूस असता समोर तर पंधरा दिवसांत नोटीस गेली असती. काका होते, म्हणून एकवीस महिने मोदकांच्या डब्यासोबत फाईल नेलीत.

आणि मग मला आठवलं की भीड मलाही पडली होती, आणि मी तर तिला हक्क, खात्री, अवधी अशी नावं दिली होती. तुम्ही निदान चिठ्ठीवर खरं लिहिलंत. मी पिवळी चिठ्ठी काढली, माझ्या पाकिटात ठेवली. आणि पत्रावर तारीख घातली.

घरोघर गेले, गाडीने. इथे दुसरं जायचं तरी कसं? सही पुरुषांचीच चालणार होती, कारण अजून कुटुंबप्रमुखच सभासद. बायका नवऱ्यांच्या मागे उभ्या राहून वाचायच्या. "काका काय म्हणतील?" हे प्रत्येक घरात ऐकलं. एका घरात नवरा म्हणाला, "विचार करून सांगतो," तर बायको आतून म्हणाली, "एकवीस महिने करणार का विचार?" त्याने उभ्याउभ्या सही केली. चार हव्या होत्या, नऊ झाल्या. पत्र मी काकांच्या हातात नेऊन दिलं. पत्रपेटीत टाकलं नाही. त्यांनी वाचलं आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अश्विनी, फाईल घेऊन ये. ह्यांची नोटारकडची वेळ घेतली आहे. मी घेतली. इतके दिवस मिळत नव्हती म्हणे! मी फोन केला तर म्हणाले, गुरुवारी या."

गुरुवारी गेलो. समोर बसलेल्या बाई तुमच्याच जुन्या सहकारी होत्या. त्यांनी फाईल उघडली, अर्ज बघितला, आणि टायपिंग कुणाचं ते त्यांना कळलं. नोटारने काकांचं ओळखपत्र पाहिलं. काकांनी तुमच्या पेन्सिलच्या फुलीवर सही केली. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर काका म्हणाले, "मला तसा विरोध नव्हता गं. शैलाताईंनी कधी आवाज चढवला नाही. मला वाटलं, त्यांना घाई नाहीये."

मला खूप काही म्हणायचं होतं. काकू मध्येच म्हणाल्या, "अहो, गाडी काढा." बरं झालं.

ताई, तुमच्याकडून मी काय घेतलं ते सांगते. आईने मला शिकवलं की सोमवारी परत जायचं, दम सोडायचा नाही. त्यावर मी इथवर आले आणि मला त्याचा अभिमान आहे. पण परत परत जाणं पुरत नाही, हे तुम्ही शिकवलंत. सही कुणाची राहिलीय ते विचारायचं, आणि नाव घ्यायचं, समोर घ्यायचं. तुम्हाला स्वतःला ते जमलं नाही. शिकवलंत मात्र तुम्हीच. परवा आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईला कार्ड मिळालं म्हन की मग." म्हटलं, नाही आई, तिला नाही मिळालं. ती म्हणाली, "तिच्यामागच्यांना मिळालं ना?"

मार्चमध्ये नोंद झाल्याचं कोर्टाचं पत्र आलं, आणि अविश्वासाची मागणी आम्ही मागे घेतली. मार्चच्या शेवटी वार्षिक सभा झाली. अध्यक्षपद काकांकडेच राहिलं, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. तेही लिहायला हवं. पण पहिला ठराव माझा होता: घटनेतली कुठलीही मंजूर दुरुस्ती अध्यक्षाने चौदा दिवसांत नोंदणीला पाठवायची, नाहीतर न पाठवण्याचं कारण सभासदांना लेखी द्यायचं. कारण लेखी द्यायची सोय मी मुद्दाम ठेवली. तेवढा माझा अर्धा वाद. काकांनी विचारलं, "बाजूने कोण?" काकूंचा हात सगळ्यात आधी वर गेला. काका सगळ्यांना मोजत मोजत शेवटी माझ्यापाशी आले. माझा हात त्यांनी मोजला.

तुमची दुरुस्ती नोंदवहीत चढली आहे. आपल्या मंडळात अठरा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाला एक मत आहे. चौदा दिवसांचा ठराव अकराव्या दिवशी काकांच्या सहीने नोंदणीला गेला.